टीममधल्या कुणाच्या घरी मयत झाली तर काय करायचं, आणि चौदाव्या दिवसानंतर काय करायचं

हे लिहितेय ते टीम लीड, सुपरवायझर, शाखा मॅनेजर, छोट्या वर्कशॉपचे मालक अशा लोकांसाठी, ज्यांच्या हाताखाली पाच-पन्नास माणसं असतात आणि ज्यांना हा विषय कुणी कधी शिकवलेला नसतो. मी आधी कारखान्यात आणि मग ऑफिसात अशी बरीच वर्षं एचआरमध्ये काढलीत, पुण्याच्या बाजूला. एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली, मयतीच्या दिवशी आपली माणसं कमी पडत नाहीत. गाडी काढतात, खिशातले पैसे काढतात, रात्रभर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसतात, ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागते. गडबड होते ती नंतर. तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, माणूस चौदाव्या दिवशी पंच करून आत आला की सगळे धरून चालतात की झालं, संपला विषय. खरं तर त्याचं तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं, कारण तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं आणि चौदाव्या दिवशी ते रिकामं होतं.

आणि दुसरी गोष्ट, "काही लागलं तर सांग हं" हे वाक्य. सगळे म्हणतात, मनापासून म्हणतात, आणि त्यावर कुणीही कधी काही सांगत नाही. ज्याच्या घरी गेलंय त्याला काय लागणार हेच कळत नसतं, आणि कळलं तरी साहेबाला कोण सांगायला जातंय. म्हणून हे सगळं लिहिताना मी एकच धरून चाललेय की त्याला मागायला लावायचं नाही, तुम्ही ठरवायचं आणि समोर ठेवायचं, त्याला फक्त हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे.

पहिला दिवस

फोन एकानंच करायचा, शक्यतो ज्याच्याशी त्याचं रोजचं बोलणं आहे त्यानं, पदानं मोठा असलेल्यानंच केला पाहिजे असं नाही. फोनवर बोलायचं काय, तर "कळलं आत्ता. खूप वाईट झालं. कामाचं काही डोक्यात आणू नकोस, ते मी बघतो." बास. कधी येणार हे विचारायचं नाही. फाईल कुठे आहे, पासवर्ड काय, त्या क्लायंटला काय सांगू, हेही नाही. पासवर्ड आयटीवाले रिसेट करू शकतात, क्लायंटला दोन ओळींचं मेल तुम्ही टाकू शकता, आणि जे खरंच त्याच्याशिवाय अडणार आहे ते चार दिवस अडू द्या.

एक गोष्ट मात्र त्याच फोनवर विचारायची, की ऑफिसात सगळ्यांना सांगू का आणि काय सांगू. हे लोक विसरतात. कशानं गेले हे सांगायचं की नाही हा त्या घरचा प्रश्न आहे. आत्महत्या असेल, दारूनं असेल, लहान मूल असेल, तर कॅन्टीनमध्ये दुपारपर्यंत त्याच्या तीन आवृत्त्या तयार होतात. तुमचा मेसेज जितका साधा आणि लवकर जाईल तितक्या त्या कमी होतात. "अमुकच्या वडिलांचं आज सकाळी निधन झालं. तो गावी गेलाय. त्याचं काम अमुक बघेल. कृपया फोन करू नका, मेसेज चालेल." यात कारण नाही, फोटो नाही, आणि काम कुणाकडे आहे ते आहे.

पैसे. हा भाग नाजूक म्हणून सगळे टाळतात आणि नेमका तोच सगळ्यात निकडीचा असतो. हॉस्पिटलचं शेवटचं बिल, ॲम्ब्युलन्स, गावी न्यायचं असेल तर गाडी, सगळं त्याच दिवशी आणि बरंचसं रोख. पगारातून उचल द्यायची सोय असेल तर ती अर्ज न मागता द्या, कागद नंतर करा. आई-वडील कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये असतील तर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या माणसाशी तुमच्या एचआरनं बोलायचं, त्या मुलानं नाही. तो काउंटरवर उभा राहून क्लेम नंबर शोधतोय हे चित्र मी इतक्यांदा बघितलंय की सांगता सोय नाही.

कारखान्यात असाल तर अजून एक. बाहेरगावचा मुलगा, बिहारचा, ओडिशाचा किंवा आपल्याच लातूर-नांदेडकडचा, लाईनवर उभा असताना घरून फोन येतो. त्याला लगेच मशीनवरून बाजूला घ्या आणि एकट्याला सोडू नका, बाईकवर तर मुळीच नाही. तात्काळचं तिकीट आदल्या दिवशी निघतं, म्हणजे आजच्या गाडीला त्याचा उपयोग नाही, मग तो जनरलच्या डब्यात तीस-पस्तीस तास उभा राहून जातो आणि पोचतो तेव्हा माती होऊन गेलेली असते. विमानाचं तिकीट त्या दिवशी महाग असतं, हो, पण कंपनी दिवाळीला मिठाईच्या डब्यांवर किती घालवते ते एकदा बघा आणि मग ठरवा. ते जमत नसेल तर निदान कुणीतरी स्टेशनपर्यंत सोडायला जा, हातात पैसे द्या, डबा द्या. आणि तो कंत्राटी असेल तर कंत्राटदाराला त्याच्यासमोर सांगा की याची जागा जाणार नाही. त्या मुलांच्या डोक्यात बापाच्या मयतीबरोबर दुसरी भीती हीच असते, आणि ती तुमच्या एका वाक्यानं जाते.

रजेचं गणित

आपल्याकडे खाजगी नोकरीत घरी मृत्यू झाला म्हणून वेगळी रजा द्यायलाच पाहिजे असं कायद्यात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा (सीएल) आहेत, त्याही तिमाहीनं खात्यात जमा होतात, म्हणजे जानेवारीत कुणाचे वडील गेले तर त्याच्या खात्यात त्या दिवशी कायद्यानं दोनच. बाकी मग अर्जित रजा, नाहीतर बिनपगारी. बऱ्याच कंपन्या आपल्या पॉलिसीत तीन किंवा पाच दिवस देतात. आता हिशोब तुम्हीच करा, तिसऱ्या दिवशी सावडणं, दहाव्याला दशक्रिया, मग अकरावं, बारावं, तेरावं. तीन दिवसात माणूस गावाहून परतसुद्धा येत नाही.

माझं मत विचाराल तर दहा कामाचे दिवस भरपगारी, आणि ते सलग घेतलेच पाहिजेत असं नाही. हे सलग नसणं जास्त महत्त्वाचं. आता बरेच जण तिसऱ्या-पाचव्या दिवशीच सगळं आटोपतात, काही जण विधी करतच नाहीत, ते चार दिवसांनी कामावर येतात आणि त्यांच्याकडे लोक असे बघतात की याला काही वाटलंच नाही का. त्यांना पुढे महिन्या-दोन महिन्यांनी, आईला सोबत म्हणून किंवा कागदपत्रांसाठी, ते उरलेले दिवस लागतात. रजा तोडून तोडून घेऊ द्या, सहा महिन्यांपर्यंत, अर्धा दिवस अर्धा दिवस सुद्धा.

सगळ्यांकडे तेरा दिवसच असतात असंही धरू नका. बौद्ध घरात जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्याची तारीख घरचे ठरवतात. मुस्लिम घरात चाळिसाव्याला चेहलुम असतो आणि नवरा गेलेल्या बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची, ती पाळायची असेल तर तेवढ्या काळात तिला रोज बाहेर पडणं अवघड जातं, मग घरून काम, रजा, बिनपगारी पण नोकरी शाबूत, असे पर्याय तुम्हीच आधी समोर ठेवा. वसई किंवा गोव्याकडच्या ख्रिश्चन घरात सातव्या दिवसाची मिस्सा आणि महिन्याची मिस्सा असते. पाठ करायची गरज नाही, "तुमच्याकडे कुठले दिवस महत्त्वाचे असतात, मी ते आत्ताच मोकळे ठेवतो" एवढं विचारलं की झालं.

आता "जवळचे नातेवाईक" म्हणजे कोण. पॉलिसीत लिहिलेलं असतं आई, वडील, नवरा-बायको, मुलं. मग ज्याला काकूनं वाढवलं त्याचं काय, ज्याच्या आजीनं त्याची फी भरली त्याचं काय. लग्न झालेल्या बाईचे सासरे गेले तर घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा आणि पन्नास माणसांचा स्वयंपाक तिच्याच गळ्यात असतो, आणि तिला मात्र रजा देताना विचारतात की तुमचे स्वतःचे वडील का. सख्खा मित्र गेला तर काहीच नाही, एक सीएल. मला वाटतं यादी करूच नये, "ज्यांच्या जाण्यानं घर बदललं" अशी काहीतरी मोघम ओळ लिहावी आणि मॅनेजरला दोन-तीन दिवसांचा अधिकार द्यावा. लोक खोटं सांगतील म्हणाल तर एखादा सांगेल. त्या एकासाठी बाकी सगळ्यांकडून मृत्यूचा दाखला मागायचा का हे तुम्ही ठरवा. मी तरी मागू नये म्हणेन, निदान पहिल्या महिन्यात तर नाहीच.

गर्भपात झाला किंवा पोटातच बाळ गेलं, हे बहुतेक ठिकाणी दुःखात धरलंच जात नाही. नैसर्गिक गर्भपातानंतर पात्र बाईला ६ आठवडे भरपगारी रजा कायद्यानं आहे, मॅटर्निटी बेनिफिटच्या १९६१ च्या कायद्यापासून आहे, आणि तरी निम्म्या बायकांना माहीत नसतं, त्या चार दिवस "पोटात दुखतंय" म्हणून सिक लीव्ह टाकतात आणि येतात. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०२२ पासून मृत बाळ जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर ६० दिवसांची विशेष रजा आहे. तुमच्या एचआरनं हे जॉइनिंगच्या वेळीच सगळ्यांना सांगून ठेवावं म्हणजे वेळ आल्यावर तिला विचारायला यावं लागणार नाही. आणि नवऱ्यालाही दोन-चार दिवस द्या, त्याचंही बाळ होतं ते. बाहेर बघायचं तर ब्रिटनमध्ये २०२० पासून मूल गेलेल्या आई-वडिलांना दोन आठवड्यांची रजा कायद्यानंच आहे, फेसबुकनं २०१७ मध्ये घरचं माणूस गेलं तर २० दिवस केले. आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल, पॉलिसी बदलायला एक मीटिंग पुरते.

घरी भेटायला जाणं

जा. पण वीस जण एका टेम्पो ट्रॅव्हलरमधून एकदम जाऊ नका, त्या घरच्या बायांना वीस कप चहा करायला लागतो. तीन-चार जण, अर्धा तास. फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा तर नाहीच. ज्यांच्या ओळखीतलं घर आहे त्यांनी पहिल्या दिवसांत पिठलं-भाताचा डबा नेला तर चालतो, अजूनही खेड्यात शेजारी नेतातच. बाकीच्यांनी फळं वगैरे घेऊन जाण्यापेक्षा काहीच नेऊ नये.

बोलायचं काय यावर लोक फार घाबरतात. तिथे म्हणू नये अशी चार-पाच वाक्यं मात्र नक्की आहेत आणि ती सगळी आपल्या तोंडात आयती बसलेली असतात. "वय झालं होतं." "सुटले बिचारे." "देवाची मर्जी." "आता तूच घरचा कर्ता." "तुम्ही तरुण आहात, होईल दुसरं." हे घरच्या मोठ्या माणसानं म्हटलं तर एक वेळ समजू शकतो, तुम्ही साहेब म्हणून म्हणू नका. आणि "नक्की काय झालं होतं" हे विचारू नका, तो ती गोष्ट त्या दिवशी सत्तराव्यांदा सांगत असतो. गेलेल्या माणसाबद्दल तुम्हाला काही माहीत असेल तर ते सांगा, "तुझे बाबा एकदा गेटवर आले होते, माझ्याशी ऊसाच्या भावावर अर्धा तास बोलले होते", असं काहीही. नसेल माहीत तर गप्प बसा, चालतं.

कामावर परत येतो तो दिवस

आदल्या संध्याकाळी फोन करा. उद्या किती वाजता येतोयस, मी खाली भेटतो, उद्या तुला एकही मीटिंग लावलेली नाही, दुपारी जावंसं वाटलं तर जा. हे ऐकून येणारा माणूस वेगळा येतो, खरंच.

टीमला आधीच सांगून ठेवा की सगळ्यांनी एकदम त्याच्या टेबलाभोवती जमू नका आणि कुणी टाळूही नका. आपल्याकडे दोन्ही टोकं होतात. काही जण सांत्वनाला रांग लावतात, त्यामुळे सकाळी नऊ ते अकरा तो तेच तेच सांगत बसतो, आणि काही जण काय बोलावं कळत नाही म्हणून लिफ्टमध्ये मोबाईल बघतात. "आलास, बरं वाटलं" एवढं प्रत्येकानं एकदा म्हणावं आणि जेवायला नेहमीसारखं सोबत घ्यावं. तो जेवणार नाही कदाचित, किंवा अजून वर्षभर काही खाणं सोडलं असेल, त्यावर चर्चा नको. मुंडण केलेलं असतं त्यावरही नको.

नवरा गेलेली बाई कामावर परत येते तेव्हा हे फार जास्त असतं, म्हणून यावर थोडं थांबते. ती गेटमधून आत येते तेव्हा बायका आणि पुरुष दोघंही आधी तिच्या कपाळाकडे आणि गळ्याकडे बघतात. तिला ते कळतं. कुंकू लावलंय तर कुजबुज, नाही लावलं तर हळहळ. मग संक्रांत येते आणि ऑफिसात हळदीकुंकू असतं, ॲडमिनच्या बायका पाकिटं वाटत फिरतात आणि तिच्या टेबलापाशी येऊन अडखळतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या दिवशी तिला हळूच दुसऱ्या बिल्डिंगच्या कामाला पाठवतात, चांगल्या मनानंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. एक गाव करू शकतं तर चौथ्या मजल्यावरचं आपलं ऑफिस का नाही. साधं करा, वाण सगळ्यांना, नवरात्राच्या रंगांचा मेसेज सगळ्यांना, तिलाही सगळ्यांसारखाच. यायचं की नाही ते ती ठरवेल. आणि त्या ग्रुप फोटोत ती नसली तर तिला ओढून आणू नका.

तिच्याकडे पुरुष सहकाऱ्यांचं वागणंही बदलतं, काही जण एकदम जास्त मदतीला येतात, रात्री मेसेज करतात. मॅनेजरनं यावर डोळा ठेवावा, आणि तिनं तक्रार केली तर "अगं तो मदत करत होता" असं म्हणून वाटेला लावू नये.

पुढचे काही महिने

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, मग मॅनेजर मोजत बसतात की हा आता रागावर आला, पुढच्या महिन्यात स्वीकारावर येईल. त्या पायऱ्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांकडे बघून १९६९ मध्ये मांडल्या होत्या, मागे राहिलेल्यांसाठी नंतर चिकटवल्या गेल्या. कामाच्या ठिकाणी जास्त उपयोगी पडते ती १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या स्ट्रोब आणि शुट यांनी मांडलेली कल्पना, की माणूस दोन टोकांत येत-जात राहतो, थोडा वेळ गेलेल्या माणसात आणि थोडा वेळ पुढच्या आयुष्याच्या खटपटीत, एकाच दिवसात चारदा सुद्धा. सकाळी जोक मारत होता आणि दुपारी जिन्यात रडत बसला होता, यात नाटक काही नाही, असंच असतं ते.

त्यामुळे कामाचं काय करायचं, तर सगळं काढून घ्यायचं नाही आणि सगळं ठेवायचंही नाही. काहींना काम हाच आधार असतो, घरी भिंती खायला उठतात म्हणून ते आठलाच येऊन बसतात. त्यांच्याकडून काम काढून घेतलंत तर त्यांना वाटतं आपली गरज नाही. विचारताना "कसा आहेस" नको, त्याचं उत्तर "ठीक" हेच येतं. विचारायचं असं की "या आठवड्यात तुझ्याकडे ही पाच कामं आहेत, यातली कुठली दोन काढून घेऊ?" पाच मिनिटांचं काम, दर सोमवारी, तीन महिने. आणि जे ठरेल ते लिहून द्या, कारण तो विसरणार. विसरणं, तोच आकडा दोनदा टाकणं, मीटिंगमध्ये ऐकूच न येणं हे सगळं होतं आणि त्याला त्याची लाज वाटत असते. महत्त्वाचं काही असेल, पेमेंट, टेंडर, डिस्पॅच, तर दुसरा डोळा लावा आणि तसं त्याला सांगून लावा, पाठीमागून तपासू नका.

मशीनच्या बाबतीत मात्र मी अजिबात ऐकून घेणार नाही. पॉवर प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, हाय टेन्शनचं काम, कंपनीची बस, यावर परतल्या परतल्या बसवायचं नाही. झोप झालेली नसते. दोन-चार आठवडे इन्स्पेक्शन, पॅकिंग, स्टोअर असं काहीतरी द्या, पगार आणि भत्ता तोच ठेवून, नाहीतर तो स्वतःच म्हणेल की नको मला प्रेसवरच राहू द्या. रात्रपाळीही थोडे दिवस टाळा. हॉस्पिटलमध्ये असाल तर जिची आई कॅन्सरनं गेली त्या सिस्टरला त्याच वॉर्डात लगेच ड्युटी लावू नका, लावायलाच लागली तर आधी विचारा.

सेल्सवाल्यांचं टार्गेट त्या तिमाहीचं कमी करा आणि ते तोंडी ठेवू नका, सिस्टीममध्ये बदला. अप्रेझलला ज्यानं रेटिंग द्यायचं असतं तो बऱ्याचदा दुसराच असतो, त्याला फक्त आकडा दिसतो. हे जर केलं नाहीत तर बाकी केलेलं सगळं मार्चमध्ये पाण्यात जातं.

त्याचं काम जे उचलतात त्यांचंही बघा. पहिले पंधरा दिवस सगळे आनंदानं करतात, दुसऱ्या महिन्यात कुरकुर सुरू होते आणि ती त्याच्या कानावर जाते. ओव्हरटाईम द्या, कॉम्प ऑफ म्हणजे बदली सुट्टी द्या, कुणाचं काय किती दिवस हे स्पष्ट करा.

कागदपत्रं, म्हणजे खरी मदत

इथे एचआर आणि अकाउंट्सवाल्यांनी अर्धा दिवस घालवला तर त्या माणसाचा महिना वाचतो. घरात कुणी गेलं की एक नवीन नोकरीच लागते, बँक, विमा, पीएफ, तलाठी, गॅसचं कनेक्शन, आणि ही सगळी ऑफिसं तुमच्याच ऑफिसच्या वेळेत उघडी असतात. म्हणून शनिवारी कर म्हणून उपयोग नाही, कामाच्या दिवशी दोन-दोन तास सोडा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे, त्यानंतर विलंब शुल्क आणि जास्तीच्या परवानग्या सुरू होतात. हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर हॉस्पिटल कळवतं, घरी गेले असतील तर घरच्यांनाच कळवावं लागतं, आणि दुःखात तेच राहून जातं. दाखल्याच्या जास्त प्रती घ्यायला सांगा, आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का ते तिथल्या तिथे बघायला सांगा, नंतर दुरुस्तीला फार चपला झिजतात.

गेलेलं माणूस कुठे नोकरीला होतं आणि पीएफ कापला जात होता तर तीन वेगवेगळे हक्क असतात. पीएफच्या रकमेसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी फॉर्म १०-डी, आणि विम्यासाठी फॉर्म ५ आयएफ. हा तिसरा लोकांना माहीतच नसतो. ईडीएलआय म्हणतात त्याला, नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळतात आणि त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून वेगळा पैसा कापलेला नसतो, मालक भरतो, म्हणून पगाराच्या स्लिपवर दिसत नाही.

मग बँकेचं पासबुक काढून बघायला सांगा, मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवनज्योती, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना बँकेनं सही घेतलेली असते, गेलेल्या माणसालाही कधी आठवत नसतं आणि घरच्यांना तर नसतंच. एवढी एक गोष्ट तुम्ही शेजारी बसून बघितलीत तरी पुरे. शेती असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद, तीन महिन्यांत कळवायची असते, ती भावांच्या भांडणात अडकायच्या आत केलेली बरी.

आपल्या कंपनीकडचे बदल एचआरनं स्वतः करून टाकावेत. बायको गेली तर मेडिक्लेममधून तिचं नाव काढायला त्याला पोर्टलवर लॉगिन करायला लावू नका, तिथे "कारण निवडा" असा ड्रॉपडाऊन असतो. नॉमिनी तीच असते, तो बदलायचा राहिला तर पुढे त्याच्या मुलांना त्रास, म्हणून दोन-तीन महिन्यांनी फॉर्म भरून त्याच्यासमोर फक्त सहीला ठेवा. इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्येही तिचाच नंबर असतो.

सहकारीच गेला तर

यात दुःखात सगळी टीमच असते, त्यामुळे वर लिहिलेलं बरंचसं सगळ्यांना लागू. अंत्ययात्रेला जायचंय त्यांना जाऊ द्या, हजेरी कापू नका. त्याचं टेबल दुसऱ्या दिवशी रिकामं करू नका आणि महिनोन् महिने हार घालूनही ठेवू नका, दोन-तीन आठवड्यांनी जवळच्या दोघांनी वस्तू खोक्यात भरून घरी पोचवाव्यात. त्याच्या मेलला येणाऱ्या मेलचं काय, हे आयटीशी त्याच आठवड्यात ठरवा. घरच्यांचे थकलेले पैसे, ग्रॅच्युइटी, पीएफ यासाठी एकाच माणसाचं नाव आणि नंबर त्यांना द्या, त्या बाईला पाच डिपार्टमेंटला फिरवू नका. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल तर अंत्यसंस्काराचे १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, तो अर्जही तुम्हीच भरून द्या. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षं लागतात पण मृत्यू झाला तर ती अट नाही, हे अकाउंट्सला आठवण करून द्यावं लागतं कधी कधी.

काळजी कधी करायची

सहा महिने, वर्ष झालं तरी माणूस तिथेच आहे, झोप नाही, दारू वाढलीय, सोमवारी येत नाही, आरसा बघणं सोडलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांच्या पुढे तीव्र दुःख तसंच राहून रोजचं जगणं अडलं तर त्याला उपचार लागणारा आजार धरतात. तुम्ही निदान करायचं नाही. "मला तुझी काळजी वाटतेय, एकदा बोलून बघ कुणाशी तरी" म्हणायचं आणि नंबर द्यायचा, टेली-मानस १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास. कंपनीचे समुपदेशक असतील तर तेही, पण आधी हे सांगा की तिथलं बोलणं एचआरपर्यंत येत नाही, आणि ते खरंच येत नसेल तरच सांगा. जगायचं नाही असं काही बोलला तर मात्र त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना फोन, डॉक्टर, सगळं त्याच दिवशी.

तारखा

तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये काही तारखा टाकून ठेवा, त्याला न सांगता. पहिली दिवाळी, ज्या दिवाळीला त्यांच्याकडे फराळ होत नाही, त्या आठवड्यात ऑफिसच्या रांगोळी स्पर्धेत त्याचं नाव नको. भाद्रपदातला पितृपक्ष. मदर्स डे, फादर्स डेचे एचआरचे मेल, "आईसोबतचा फोटो पाठवा, बक्षीस जिंका" असले, त्यातून नाव वगळता येतं. आणि वर्षश्राद्ध. ते तिथीनं असतं, तारखेनं नाही, त्यामुळे गेल्या वर्षी १२ मार्च असेल तर यंदा दुसऱ्याच दिवशी येईल, पंचांग बघा किंवा महिनाभर आधी त्यालाच विचारा, आणि त्या आठवड्यात ऑडिट लावू नका.